पिवळी गाडी थांबली होती

खोली बघायला गेले तेव्हा त्या माणसानं आधी गाव विचारलं आणि लगेच दुसरा प्रश्न टाकला, "भांडी आपटतीस का?"

"काय?"

"भांडी गं. घासून ठिवताना आपटतीस का? माझ्या कानाला चालत न्हाय."

मी म्हटलं, नाही आपटत. धडधडीत खोटं होतं. पण सोलापुरात एकट्या मुलीनं भाड्याची खोली शोधणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. पंधरा दिवस वणवण चालली होती. कुणी जात विचारली, कुणी लग्न का नाही झालं ते विचारलं, एका बाईनं तर मी कुणाशी फोनवर बोलते तेही विचारून घेतलं. फक्त आवाजाशी मतलब असलेला हा पहिलाच माणूस. "दुदनीची न्हवं तू? मग तू दुदनीच," म्हणाले आणि किल्ली हातात दिली. माझं खरं नाव त्यांनी पुढं कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले. घराणं विणकरांचं, घरात बोली तेलुगू, चारही भाऊ मागावर. हे एकटे लहानपणी इंजिनाच्या नादानं घरातून निसटले ते निसटलेच. खाली त्यांचं रिक्षा दुरुस्तीचं गॅरेज, वर ते आणि काकू, आणि गच्चीला लागून माझी खोली.

त्यांची दुरुस्ती बघायला मी कामावर जायच्या आधी जिन्यात उभी राहायचे. रिक्षा आली की आधी हात लावायचा नाही. फूटभर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानात दाबायची आणि डोळे मिटायचे. "गप," एवढंच म्हणायचे. मग गल्लीतल्या कुत्र्यानंसुद्धा गप बसायचं.

"कवापासनं खोकतीय ही?"

"परवापासनं, उस्ताद."

"थापा मारू नगं. महिना झाला हिला."

आणि रिक्षावाला ओशाळून कबूल करायचा की व्हय, महिना झाला. इंजान खोटं बोलत न्हाय, मालक खोटं बोलतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्या वाक्याची मला पुढं फार आठवण आली. ते सांगतेच.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिथं रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायचं एक यंत्र असतं. ते एकदा खडखडायला लागलं. कंपनीचा माणूस येईना, डॉक्टर वैतागलेले. मी उस्तादांना घेऊन गेले. त्यांनी पायातल्या चपला बाहेर काढल्या, यंत्राला स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "यंत्र बरं हाय. ह्येचं एका अंगाला वजन जास्त पडतंय. नळ्या समोरासमोर ठिवत न्हाईत ह्या पोरी." नळ्या मीच ठेवल्या होत्या. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. घरी येईपर्यंत मी उस्तादांशी एक शब्द बोलले नाही. त्यांना त्याचं काही नव्हतंच, सायकल हातात धरून शीळ घालत चालले होते.

हो, सायकल! दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण स्वतः कधी रिक्षात बसले नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "बसलं की आवाज ऐकू येतो. मग उतरून खोलावंसं वाटतंय. माणसानं पोचायचं कधी?"

ह्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटायचं ते चाचांना. चाचा म्हणजे उस्तादांचे जुने दोस्त, रिक्षावाले. उंच, हाडकुळे, दाढीला मेंदी. उस्तादांशी दखनीत बोलायचे, माझ्याशी मराठीत, आणि रागावले की दोन्हीची मिसळ. गॅरेजसमोर रिक्षा लावून रोज एकदा म्हणणारच, "चलो उस्ताद, एक चक्कर." उस्ताद मान हलवून नाही म्हणणार. वर्षानुवर्षं हे चाललं. मी त्यांना म्हणायचे, चाचा, आता सोडा की नाद. तर म्हणायचे, बेटी, विचारायचं आपलं काम, बसायचं त्यांचं.

दोघांना एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे रविवारची शर्यत. फॉर्म्युलाच्या गाड्यांची, त्या उघड्या चाकांच्या, जमिनीला घासत चालल्यासारख्या पळणाऱ्या. जिथं रेसचं मैदान सोडा, धड खड्डा नसलेला रस्ता मिळायची मारामार, त्या गावात ह्या दोघांना हे खूळ कुठून लागलं देव जाणे. केबलवर चुकून लागलेली एक शर्यत बघितली आणि लागलंच. रविवारी उस्ताद अंघोळ करून पांढराशुभ्र बुशशर्ट घालायचे, लग्नाला निघाल्यासारखा. टीव्हीसमोर चटई, चटईवर दोघं. मध्ये कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाची चटणी. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. गाड्यांना नावं रंगावरून. समालोचक बोलायला लागला की उस्ताद त्यालाच झापायचे, "गप की रं, बडबड्या. ऐकू दे."

काकूंचं मत ठाम होतं. "गोल गोल फिरतात आणि निघाले तिथंच येतात. घाण्याचा बैलसुद्धा तेल तरी काढतो."

उस्ताद मला समजावून सांगायचे. झाकलेल्या चाकाची गाडी दुसरीला घासली तर पत्रा जातो. उघडं चाक उघड्या चाकाला लागलं की गाडी सरळ हवेत. म्हणून तिथं दुसऱ्याला जपल्याशिवाय स्वतःला जपता येत नाही. "आनि दुदनी, ध्यानात ठेव, सरळ रस्त्यावर म्हस पन पळतीय. मानूस कळतो वळणावर." हळूहळू मीही तिसरी होऊन चटईवर बसायला लागले. आधी भाकरीसाठी, मग शर्यतीसाठी.

ती शर्यत त्याच काळातली. लोडशेडिंगचे दिवस होते. कुठल्यातरी परदेशी गावात, रस्त्यांवरच, दोन्हीकडे भिंती, आणि वरून पाऊस धो धो. सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर एक गाडी आडवी झाली. तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी, मागून येणाऱ्यांना पाण्याच्या फवाऱ्यात काही दिसेना, येईल तो जाऊन आदळतोय. चाचा "या अल्ला" म्हणून उठून उभे राहिले ते बसलेच नाहीत. शर्यत थांबवली, रस्ता झाडला, परत सुरू केली. परत दोन फेऱ्यांत धडाधड. एका गाडीचं चाक सुटलं आणि एकटंच रस्त्यावरून उड्या मारत निघालं, गाडीच्याही पुढं. काकूसुद्धा तवा सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी सात-आठ गाड्या उरल्या. पुढं चंदेरी, तिच्या मागं पिवळी, नखभर अंतर. आमची पिवळी. चाचांच्या रिक्षाच्या हुडासारखी पिवळी, म्हणून आमची.

आणि लाईट गेली.

काय सांगू! सगळ्या गल्लीतून एकच आवाज निघाला, पण आमच्याइतकं दुःख कुणाला झालं नसेल. दिवेलागणीची वेळ. काकूंनी मेणबत्ती लावली. चाचा डोकं धरून बसले. म्हणाले, आता कसं कळणार, उस्ताद, आता काय कळणार!

उस्तादांनी डोळे मिटले होते. स्क्रू ड्रायव्हर लावताना मिटतात तसे. "गप. मला ऐकू येतंय," म्हणाले. आणि सांगायला लागले.

तासभर तो माणूस बोलत होता. तोंडानं इंजिनांचे आवाज काढत होता, गिअर बदलत होता. चंदेरीचा आवाज बारीक, पिवळीचा घोगरा. आम्हाला वळणं दिसायला लागली, पाणी दिसायला लागलं. मग म्हणाले, पांढरी गाडी घसरली, भिंतीवर आपटली, पेट घेतला. आत माणूस अडकलाय. चंदेरी निघून गेली. पिवळी येतीय, येतीय… आणि उस्ताद एकदम स्वतःच्या भाषेत ओरडले, "आगू! आगू!" म्हणजे थांब, थांब. "थांबला! पिवळीवाला थांबला! उतरला खाली, पळतोय, धुरात शिरला. मानेला धरून वढला भाईर त्येला." चाचांनी माझा हात इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मला सुई धरता येईना. पिवळीवाला परत गाडीत बसला, पण तोवर सगळे निघून गेले होते. चंदेरी पहिली आली. पिवळी शेवटून पहिली. मेणबत्तीच्या उजेडात मी आणि चाचा दोघंही रडलो. लाज कसली?

दुसऱ्या दिवशी चाचा सकाळीच गॅरेजला हजर. पेपरात खेळाच्या पानावर दोन ओळी होत्या, चंदेरी जिंकल्याच्या. पण बाकीचं? ते विचारत होते, "उस्ताद, सच्ची वो रुक्या था?" मी जिन्यात उभी होते. उस्तादांनी क्षणभर हातातल्या कार्बोरेटरकडे बघितलं आणि म्हणाले, "नव्या पेठेत टीव्हीच्या दुकानात आज सकाळी परत दाखवली की. मी बघून आलो. जसंच्या तसं."

झालं. त्या दिवसापासून ती आम्ही डोळ्यांनी बघितलेली शर्यत झाली. हसू नका. पुढच्या वर्षी आम्ही तिघं त्या शर्यतीबद्दल बोलायचो तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं की पिवळीवाल्याचं हेल्मेट निळं होतं. उस्तादांनी हेल्मेटचं नावही काढलं नव्हतं.

ही नुसती गंमत राहिली असती. पण तीन-चार वर्षांनी अक्कलकोट रस्त्यावर एक टेम्पो उलटला. मेंढरं घेऊन निघालेलं धनगराचं कुटुंब होतं. रस्ताभर मेंढरं, रक्त, आणि टेम्पोखाली आठ-नऊ वर्षांची मुलगी अडकलेली. गाड्या येत होत्या, हळू होत होत्या, बघत होत्या आणि कडेनं निघून जात होत्या. कोण पोलिसाचं झेंगट लावून घेणार? चाचांच्या रिक्षात स्टेशनला निघालेलं गिऱ्हाईक होतं, ते ओरडत होतं, चला चला, गाडी चुकेल. चाचांनी रिक्षा आडवी लावली, रस्ताच बंद केला. मग काय, झक मारत सगळे उतरले. टेम्पो उचलला. बापाला मागं बसवलं, मुलीला त्याच्या मांडीवर दिलं आणि चाचांनी दवाखाना गाठला. नंतर व्हायचं तेच झालं. दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं, तूच ठोकलंस का म्हणून. रिक्षा महिनाभर अडकून पडली. घरच्यांनी बोल लावले. चाचा एवढंच म्हणाले, "वो पीला गाडीवाला रेस छोड के रुक्या. मेरी तो तीन चाकांची रिक्षा."

मुलगी वाचली. थोडी लंगडते, पण वाचली. आता लग्न झालंय तिचं. तिचा बाप एक घोंगडं घेऊन आला होता, ते चाचांनी रिक्षाच्या सीटवर अंथरलंय, आजही आहे. चौकशी करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते घोंगड्याची गोष्ट सांगतात आणि ती संपते पिवळ्या गाडीवर. स्वतःचं कौतुक कुणी केलं की हात हलवून म्हणणार, अहो, मी कोण, मी बघून शिकलो.

मी खोली सोडून बरीच वर्षं झाली. लग्न झालं, जुळे सोलापूर म्हणतात त्या नव्या वस्तीत राहायला गेले. पण महिन्यातून एखाद्या रविवारी जाते. उस्ताद आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत. काचबिंदूनं डोळे गेले, उजेड-अंधार कळतो तेवढंच. गॅरेज भाच्याकडे आहे. हे खुर्ची टाकून बाहेर बसतात आणि रिक्षा कोपऱ्यावर वळायच्या आत तिचा रोग सांगतात.

मागच्या महिन्यात चाचांच्या जावयानं त्यांना मोठा टीव्ही घेऊन दिला, इंटरनेट चालणारा. त्यावर जुनी कुठलीही गोष्ट सापडते हे कळल्यावर चाचांना दुसरं काय सुचणार! मला फोन. "बेटी, तुला इंग्लिश येतं. ती शर्यत काढून दे. रविवारी सगळे माझ्याकडे. पिवळीवाल्याला एकदा बघतो, मग डोळे मिटले तरी चालतील."

मी घरीच मोबाईलवर शोधली. सापडली. पहिलं वळण, धडाधड, उड्या मारत जाणारं चाक, सगळं आठवणीतल्यासारखं. मग आमची लाईट गेली ती जागा आली. पुढं पांढरी गाडी खरंच भिंतीवर आपटली. आग वगैरे काही नाही. पिवळी आली, जराशी हळू झाली, कडेनं निघून गेली. मी मागं घेऊन चारदा बघितलं. हेल्मेट निळं नव्हतंच.

मला राग आला म्हणजे असा आला! तडक रिक्षा करून गेले. काकूंनी पाणी दिलं, ते घेतलं नाही. "उस्ताद, पिवळी गाडी थांबलीच नव्हती."

त्यांनी मान खाली घातली. "ठाव हाय."

"नव्या पेठेत बघून आलात ना?"

"गेलोच न्हवतो. कुटलं दुकान आनि कुटलं काय." त्यांचे हात मांडीवर काहीतरी चाचपडत होते. "त्येचं तोंड बघितलं न्हवतंस तू. कसा इचारत हुता, सच्ची रुक्या का म्हणून. न्हाय कसं म्हणू? मला वाटलं, एक शर्यत तर हाय, कोण बघतंय. मग त्यो टेम्पो उलटला. त्येच्यानंतर तोंड उघडायची सोयच राह्यली न्हाय. दुदनी, त्येला सांग, सापडली न्हाय म्हणून. आपण जलमभर एका थापेवर मान ताठ ठिवली असं वाटंल त्येला. ह्या वयात न्हाय सोसायचं त्येला."

"थाप तुमची, निस्तरा तुम्ही," असं मी म्हणाले खरी. पण जिना उतरेपर्यंत राग ओसरला. त्या माणसाची भीती खोटी नव्हती. पन्नास वर्षांची दोस्ती होती, आणि चाचांच्या आयुष्यातली एकच मोठी गोष्ट तिच्यावर उभी होती. सापडली नाही, असं सांगायचं मी ठरवलंसुद्धा. पण मी सांगायच्या आत चाचांच्या नातीनं ती दोन मिनिटांत शोधून दिली होती.

रविवारी चाचा स्वतः रिक्षा घेऊन उस्तादांना न्यायला आले. उस्ताद चालत निघाले. डोळे नाहीत, माझा खांदा धरलेला, अंगात पांढरा बुशशर्ट, आणि हातात तो स्क्रू ड्रायव्हर. कशाला घेतला, काय माहीत. चाचा रिक्षा ढकलल्यासारखी हळूहळू आमच्या मागून.

चाचांनी चटई टाकली होती. खुर्च्या असताना चटई. कडक भाकरी, शेंगाची चटणी. शर्यत लागली. चाचा पोरासारखे ओरडत होते, आली बघा, आडवी झाली बघा, चाक बघा चाक! उस्ताद भिंतीला टेकून बसले होते. कपाळावर घाम. मी चाचांकडे बघतच नव्हते.

लाईट गेली ती जागा आली. आता लाईट जात नाही.

पांढरी गाडी भिंतीवर आदळल्याचा आवाज आला. चाचा गुडघ्यावर उठून बसले. उस्तादांनी डोळे मिटले. न दिसणारे डोळे, तरी मिटले. हात वर केला. "गप," म्हणाले. खोलीत फक्त इंजिनाचा आवाज.

"पिवळी," उस्ताद म्हणाले. "गिअर खाली टाकला त्येनं. हळू झाला." थोडं थांबले. आवाज परत चढत गेला, लांब गेला. "वर टाकला. गेला. थांबला न्हाय त्यो."

मग ते चाचांच्या दिशेनं वळले.

"मी बनवून सांगितलं हुतं तुला. त्या रातीला न्हवं, त्ये खेळ हुता. दुसऱ्या दिवशी खोटं बोललो. नव्या पेठेत गेलो न्हवतो मी. इंजान खोटं बोलत न्हाय म्हणायचो ना, मीच बोललो. जा, काय म्हणायचं त्ये म्हण."

चाचांनी नातीला खूण केली. तिनं मागं घेतलं. पिवळी आली, हळू झाली, गेली. परत मागं. परत गेली. चाचा टीव्हीच्या इतके जवळ गेले की उजेड त्यांच्या दाढीवर पडला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"रुक्याच नै," चाचा म्हणाले.

"न्हाय."

"कोईच नै रुक्या?"

"कुणीच न्हाय."

चाचा वळले. मी आजवर त्यांच्या चेहऱ्यावर इतकं आश्चर्य बघितलं नव्हतं.

"उस्ताद," ते म्हणाले, "इत्ते साल मैं खुद को दो नंबर समज्या." आणि छातीवर हात ठेवून, हळूच, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात म्हणाले, "मैंच पैला निकल्या की."

उस्ताद रडायला लागले. चाचांनी त्यांना दंडाला धरून उठवलं, बाहेर नेलं आणि रिक्षाच्या मागच्या सीटवर, त्या घोंगड्यावर बसवलं. उस्ताद बसले. चाचांनी रिक्षा सुरू केली तेव्हा मी दारात उभी होते. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत उस्तादांचा आवाज ऐकू येत होता.

"प्लग साफ कर की रं. कवापासनं खोकतीय ही!"